चौदा इंची टीव्हीचा आर्केड मॉनिटर: रंग जमतात, खरी परीक्षा सिंकची

नाणे टाकून खेळायच्या आर्केड खेळांचे जुने बोर्ड, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सर्किटच्या पाट्या, जमवणाऱ्याला बोर्ड मिळवण्यापेक्षा त्याला शोभेल असा पडदा मिळवणे जास्त जड जाते. बोर्ड एखाद्या वहीएवढा असतो, त्याला लागणारा वीजपुरवठा हातात मावतो. पण मूळ कॅबिनेटमधला एकोणीस किंवा पंचवीस इंची मॉनिटर घरात ठेवायचा कुठे, हा प्रश्न काही केल्या सुटत नाही. म्हणून बरेच जण छोट्या सीआरटीकडे, म्हणजे काचेच्या नळीच्या पडद्याकडे, वळतात आणि मीही तसाच वळलो. गेले वर्षभर माझ्या कामाच्या मेजावर एक चौदा इंची रंगीत टीव्ही आहे. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे आणणारा आरजीबी सिग्नल थेट घेता यावा म्हणून त्याच्या आत मी स्वतः बदल केला आहे आणि वेगवेगळ्या काळातले पाच बोर्ड त्यावर चालवून पाहिले आहेत. हे परीक्षण त्या बदललेल्या संचाचे आहे आणि त्या बदलासाठी मागवलेल्या तयार किटचेही. मत आधीच सांगतो. रंगांच्या बाबतीत हा छोटा टीव्ही अपेक्षेच्या फार पुढे जातो. पण तो आर्केड बोर्डाला लायक आहे की नाही हे रंगांवरून ठरत नाही, सिंकवरून, म्हणजे प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चित्र कधी सुरू करायचे हे सांगणाऱ्या ठोक्यांवरून, ठरते, आणि संच निवडताना नेमके तेच तपासायचे राहून जाते.

बोर्डाकडून काय येते ते आधी पाहू. जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ठरवलेली जामा ही जोडणी पुढच्या बहुतेक बोर्डांवर आढळते. तिच्या कडेला दोन्ही बाजू मिळून ५६ टोके असतात. भागांच्या बाजूला १२ व्या टोकावर लाल, १३ व्यावर निळा आणि १४ व्यावर व्हिडिओचे ग्राउंड येते. सोल्डरच्या बाजूला १२ व्या जागी हिरवा आणि १३ व्या जागी सिंक. म्हणजे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून येतात आणि आडवा (ओळींचा) व उभा (चित्रांचा) सिंक एकाच तारेत एकत्र येतो. आडवी वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती ओळी काढल्या जातात तो आकडा, साधारण १५.६ ते १६ किलोहर्ट्झ असते आणि टीव्हीचीही तीच असते. हा योगायोग नाही. आर्केड मॉनिटर टीव्हीच्याच नळ्यांवर आणि टीव्हीच्याच सर्किटांवर बेतलेले होते, आणि त्यामुळेच हा सगळा खटाटोप मुळात शक्य होतो. फरक आहे तो सिग्नलच्या ताकदीत. टीव्हीच्या दुनियेत प्रत्येक रंग ७५ ओहमच्या भारावर ०.७ व्होल्टचा असतो, तर आर्केड बोर्ड त्याच तारेवर तीन-चार व्होल्ट सहज सोडतो आणि सिंक थेट टीटीएल, म्हणजे डिजिटल चिपांच्या, पातळीवर देतो.

टीव्ही उघडण्याची तयारी नसेल तर जुन्या संगणकांचे मॉनिटर हा सरळ मार्ग आहे. अमिगासोबत ओळखला जाणारा कमोडोर १०८४ आणि ॲपल टू जीएससाठी १९८६ मध्ये आलेला बारा इंची ॲपल कलर आरजीबी मॉनिटर हे दोन्ही १५ किलोहर्ट्झवर चालतात आणि ॲनालॉग आरजीबी घेतात. ॲपलच्या पंधरा पिनी जोडणीत २ वर लाल, ५ वर हिरवा, ९ वर निळा आणि ३ वर एकत्रित सिंक असतो. म्हणजे सिग्नलची पातळी खाली आणली की केबल तयार झाली. या मॉनिटरांच्या नळीचे ठिपके टीव्हीपेक्षा बारीक असल्याने अक्षरे रेखीव दिसतात. असा मॉनिटर चांगल्या स्थितीत मिळाला तर टीव्हीच्या नादी लागू नये, असे मी कोणालाही सांगेन. पण त्यांची संख्या मर्यादित आहे आणि चौदा इंची टीव्ही अजूनही अडगळीतून बाहेर निघतात.

आता किट. मी मागवलेला तयार मल्टिप्लेक्सर बोर्ड दिसायला नेटका होता. ट्रॅक स्वच्छ होते, भागांच्या किमती पांढऱ्या शाईत वाचता येत होत्या आणि आरजीबीच्या तीन वाटांची मांडणी अगदी सारखी होती. काम त्याचे एवढेच, की टीव्हीचा मायक्रोकंट्रोलर चॅनलचा आकडा आणि आवाजाच्या रेघा पडद्यावर उमटवण्यासाठी ज्या तीन तारा जंगल आयसीकडे, म्हणजे टीव्हीचे चित्र आणि सिंक सांभाळणाऱ्या मुख्य चिपकडे, नेतो, त्याच तारांवर आपले रंग चढवायचे. जोडीला फास्ट ब्लँकिंगची एक चौथी तार असते. तिच्यावर व्होल्टेज आले की आयसी टीव्हीचे चित्र बाजूला सारून या तीन तारांवरचे रंग दाखवतो. किटसोबतच्या माहितीत 'कोणत्याही टीव्हीला चालेल' असे ठळकपणे लिहिले होते. ते खरे नाही, आणि विक्रेत्याला ते ठाऊक असायला हवे होते.

पहिल्या संचात मी तो बोर्ड बसवला, निओ जिओ या आर्केड बोर्डावरचा खेळ लावला आणि चित्र आले. स्थिर होते, चमकदार होते, आणि तरीही साफ चुकीचे होते. आकाश खालून वर जाताना फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत उतरत जायला हवे होते, तिथे निळ्याचा एकच सपाट पट्टा होता. पात्राच्या चेहऱ्यावरची सावली नाहीशी होऊन गाल एकाच पिवळ्या रंगाचा झाला होता. निओ जिओच्या रंगपेटीत ६५,५३६ रंग आहेत आणि त्यांतले ४,०९६ एका वेळी पडद्यावर येऊ शकतात. माझ्यासमोर आठ होते. दोन संध्याकाळी मी डागजोड तपासण्यात घालवल्या. मग त्या जंगल आयसीचे माहितीपत्रक नीट वाचले तेव्हा उलगडा झाला, की त्याची ओएसडीची, म्हणजे पडद्यावर आकडे उमटवण्याच्या वाटेची, आरजीबी टोके डिजिटल आहेत. प्रत्येक रंग एक तर चालू, नाही तर बंद. मधली पायरी त्यांना कळतच नाही. आकडे आणि टेलीटेक्स्टची अक्षरे दाखवायला आठ रंग पुरतात, त्यामुळे संच बनवणाऱ्याने काही चूक केली असे म्हणता येत नाही. पण किट विकणाऱ्याने ही एक ओळ छापली असती तर माझा एक संच विनाकारण उघडला गेला नसता. संच घेण्यापूर्वी त्यातल्या जंगल आयसीचा क्रमांक मिळवावा आणि माहितीपत्रकात आरजीबी टोके लिनियर किंवा ॲनालॉग आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मायक्रोकंट्रोलर आणि जंगल आयसी एकाच चिपमध्ये असलेले नंतरच्या काळातले संचही आधी बाजूला ठेवावेत. ओएसडीच्या तारा त्यांत चिपच्या पोटातच राहतात, मधे तोडायला बाहेर काही नसते. वेगळे आरजीबी टोक दिले असेल तरच अशा संचाचा विचार करावा.

दुसरा संच ॲनालॉग टोकांचा होता आणि तिथे तेच किट अगदी व्यवस्थित चालले. प्रत्येक रंगाच्या तारेला किटवर ७५ ओहमचा रेझिस्टर जमिनीकडे जातो आणि पुढे ०.१ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून सिग्नल आयसीत शिरतो. हे टीव्हीच्या ०.७ व्होल्टच्या सिग्नलला पुरते, आर्केड बोर्डाला नाही. बोर्ड चार व्होल्ट देत असेल तर ते ०.७ वर आणायला मालिकेत साधारण ३५० ओहम लागतात, म्हणून ३३० ओहमचा रेझिस्टर बरेच जण डोळे मिटून घालतात. मी त्याऐवजी तिन्ही रंगांना ५०० ओहमचे प्रीसेट, म्हणजे स्क्रूने कमीजास्त करता येणारे रेझिस्टर, घातले, कारण बोर्डाबोर्डांत फरक फार असतो. १९८० च्या पॅकमॅनमध्ये लाल आणि हिरवा प्रत्येकी तीन बिटांचा आणि निळा दोन बिटांचा असतो. हे बिट १ किलोओहम, ४७० आणि २२० ओहमच्या रेझिस्टरांतून एकत्र होऊन बाहेर येतात. तिथे ७५ ओहमचा भार पडताच व्होल्टेज बरेच खाली बसते. निओ जिओ किंवा कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डावर तसाच अनुभव येईल असे धरून चालता येत नाही. एका बोर्डाला जुळवलेला प्रीसेट दुसऱ्याला अंधारा किंवा भडक वाटतो, आणि प्रीसेट हाताशी असला की स्क्रूड्रायव्हरच्या केसभर हालचालीत ते ताळ्यावर येते. फास्ट ब्लँकिंगच्या तारेला मी एका बटणातून व्होल्टेज दिले आहे. ते किती असावे हे त्या आयसीच्या माहितीपत्रकावरूनच ठरवावे, सरसकट पाच व्होल्ट जोडून मोकळे होऊ नये.

सिंकला मी एव्ही सॉकेटच्या वाटेने आत घेतले. टीव्हीच्या दृष्टीने ते एक असे चित्र असते ज्यात रंग नाहीत, फक्त सिंक आहे. जंगल आयसी त्यातून आपली वेळ काढून घेतो. टीटीएल पातळीचा सिंक तसाच सोडला तर तो सॉकेटला झेपत नाही. १ किलोओहम मालिकेत घातला की ७५ ओहमवर साधारण ०.३ व्होल्ट उरतात आणि टीव्हीला तेवढेच अपेक्षित असतात.

हे वाचून कोणी लगेच पेचकस उचलणार असेल तर त्याने इथे थांबावे. चौदा इंची रंगीत नळीच्या एनोडवर वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो. नळीची काच स्वतःच कॅपॅसिटरचे काम करते, त्यामुळे संच बंद केल्यावरही तो भार शिल्लक राहतो. नळीच्या बाहेरच्या काळ्या लेपाला टेकलेली ग्राउंडची जी वेणी असते तिला तार जोडून, तारेचे दुसरे टोक चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एनोडच्या रबरी टोपीखाली नेऊन भार उतरवावा, आणि काही मिनिटांनी पुन्हा एकदा उतरवावा, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. वीजपुरवठ्यातला मुख्य कॅपॅसिटरही मल्टिमीटरने तपासल्याशिवाय त्या भागात हात घालू नये. मानेच्या टोकाशी असलेला काचेचा बारीक देठ सर्वांत नाजूक. त्याला धक्का लागला तर आतली निर्वात पोकळी जाते आणि नळी संपते. याहून मोठा, पण कमी बोलला जाणारा धोका तापलेल्या चॅसिसचा. काही जुन्या संचांत आणि जुन्या आर्केड मॉनिटरांत चॅसिसचे ग्राउंड थेट घरच्या विजेला जोडलेले असते. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर न लावता बोर्डाचे ग्राउंड जोडले तर बोर्ड जळतो, आणि माणसाच्या जिवावरही बेतते. मी संच निवडताना एक साधी कसोटी लावतो: कारखान्यातूनच एव्ही सॉकेट आलेले असावे. ज्या धातूला वापरणाऱ्याचा हात लागणार आहे ती बाजू उत्पादकाने विजेपासून वेगळी केलेली असते. तरीही मीटरने खात्री करून घ्यावीच.

आवाजाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जामाच्या १० व्या टोकावर दोन्ही बाजूंना मिळून स्पीकरचा वाढवलेला आवाज येतो. तो टीव्हीच्या ऑडिओ सॉकेटात घालू नये, वेगळा स्पीकर लावावा आणि त्याचे ऋण टोक ग्राउंडला टेकवू नये.

आता रंग. पहिल्या संचातल्या त्या आठ रंगांनंतर दुसऱ्या संचावर तेच आकाश पाहिले आणि मी बराच वेळ खेळलोच नाही, नुसता पाहत राहिलो. सगळे रंग एकाच तारेतून आणणाऱ्या कॉम्पोझिट सिग्नलमध्ये लाल कडा जशा शेजारच्या काळ्यात झिरपतात, उभ्या रेघांवर जसे इंद्रधनुषी किडे वळवळतात, त्यातले काहीही उरत नाही. प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी असतो, आणि तरी तो एलसीडीवरच्यासारखा कडक चौकोनी नसतो. नळीचा ठिपका त्याच्या कडा थोड्या मऊ करतो. डोळा पडद्याच्या वीतभर जवळ नेला की दोन ओळींमधली काळी फट दिसते, आणि पांढऱ्या रंगाजवळ ती जवळजवळ भरून येते, कारण इलेक्ट्रॉनांचा झोत जोरात असला की ओळ जाड होते. हा बारकावा मोठ्या पडद्यापेक्षा छोट्या पडद्यावर जास्त घट्ट दिसतो. छोट्या नळीचा आणखी एक फायदा म्हणजे कोपऱ्यांतले कन्व्हर्जन्स. तिन्ही झोतांची फारकत मोठ्या नळीवर डोळ्यांत खुपते, चौदा इंचीवर ती शोधावी लागते. रंगांची एकच तक्रार उरते आणि ती बोर्डांकडून येते. कॅपॅसिटरमधून आत आलेल्या सिग्नलची काळी पातळी जंगल आयसी ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या भागात ठरवतो. त्या क्षणी बोर्डाने पूर्ण काळा दिला नाही, तर सगळे चित्र अंधारात जाते. असे झाले तर टीव्हीचा ब्राइटनेस वाढवत बसू नये, दोष तिथे नाही.

आता सिंककडे वळतो, कारण माझ्या मते या संचाचा खरा हिशेब इथे आहे. सीपीएस-२ आणि निओ जिओ दोन्ही १५.६२५ किलोहर्ट्झवर चालतात आणि सेकंदाला अनुक्रमे ५९.६ व ५९.२ चित्रे देतात. टीव्हीला हे जवळजवळ घरचेच वाटतात. दोन्ही बोर्ड पहिल्याच दिवशी खिळल्यासारखे स्थिर बसले. पॅकमॅनला आधी ॲडॉप्टर लागतो, कारण तो जामाच्या आधीचा आहे, आणि त्याची आडवी वारंवारता १६ किलोहर्ट्झ आहे. टीव्हीच्या नेहमीच्या वारंवारतेपेक्षा ही दोन-अडीच टक्क्यांनी जास्त. संचाने ती पकडली, पण संच थंड असताना पहिला मिनिटभर चित्र वरच्या बाजूला थोडे हेलकावे खात असे. हॉरिझॉन्टल होल्डचा स्क्रू असलेल्या जुन्या संचात ते एका वळणाने मिटले असते. माझ्या संचात तो स्क्रू नाही, म्हणून मी त्या आयसीभोवतीचे वय झालेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलले आणि हेलकावे गेले.

चित्राचा वरचा भाग वाकणे हा आणखी एक नेहमीचा रोग. एका बोर्डावर वरच्या वीसेक ओळी झेंड्यासारख्या एका बाजूला झुकायच्या. कारण असे की उभ्या सिंकच्या काळात टीव्हीला आडव्या सिंकचे ठोके चालू राहावे लागतात, आणि काही बोर्ड त्या काळात ते ठोके देतच नाहीत. तेवढ्यात संचाचा आडवा ऑसिलेटर वाट चुकतो आणि पुढच्या काही ओळींत पुन्हा वाटेवर येतो, तेच वाकणे. यावर मला सापडलेला उपाय संचाच्या आतच होता. व्हिडिओ कॅसेटच्या डळमळत्या सिंकला सामावून घेण्यासाठी बऱ्याच टीव्हींत एव्हीच्या वाटेवर आडवा सिंक जलद सावरण्याची सोय केलेली असते. मी सिंक एव्हीतून दिला होता, पण सर्व्हिस मेनूमध्ये, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या मेनूमध्ये, ती सोय बंद पडलेली होती. ती चालू केल्यावर वीस ओळींचे वाकणे दोन-तीन ओळींवर आले, आणि त्या ओळी पडद्याच्या कडेआड जातात.

सर्वांत जास्त वेळ घेतला आर-टाइप आणि मॉर्टल कॉम्बॅट यांनी, आणि हे दोन बोर्ड ज्याच्याकडे आहेत त्याने पुढचा भाग सावकाश वाचावा. आर-टाइप १९८७ चा. त्याच्या एका चित्रात २८४ ओळी असतात आणि सेकंदाला ५५ चित्रे. मॉर्टल कॉम्बॅट १९९२ चा. त्यात २८९ ओळी आणि सेकंदाला ५४.७ चित्रे. दुहेरी पद्धतीच्या टीव्हीला मात्र दोनच गोष्टी माहीत असतात: ६० हर्ट्झला साधारण २६२ ओळी आणि ५० हर्ट्झला ३१२. जंगल आयसी ओळी मोजतो, दोन्हींपैकी जे जवळ असेल ते ठरवतो आणि त्याप्रमाणे चित्राची उंची बदलतो. २६२ आणि ३१२ यांचा मध्य २८७ येतो. आर-टाइप त्याच्या किंचित अलीकडे, मॉर्टल कॉम्बॅट किंचित पलीकडे. माझ्या संचाने आर-टाइपला साठचा धरला, आणि तेवढ्या ओळी साठच्या उतारावर काढताना चित्र इतके उंच झाले की गुणांची पट्टी खालच्या कडेखाली गेली. मॉर्टल कॉम्बॅटच्या वेळी तर संचाचे ठरेचना. दर काही सेकंदांनी चित्र दचकून लहान व्हायचे आणि परत मोठे व्हायचे. सर्व्हिस मेनूत पद्धत ५० वर पक्की केल्यावर ते थांबले. आर-टाइपसाठीही मी तीच पद्धत ठेवली आणि उभी उंची थोडी कमी केली. आता त्याच्या २५६ ओळी सगळ्या दिसतात. पण निओ जिओ लावायचा झाला की परत मेनूत जावे लागते, कारण त्याच्या २२४ ओळी त्या मापात आखूड दिसतात. ही कटकट खरी आहे आणि ती मान्य करूनच हा संच घ्यावा. मागच्या बाजूला व्हर्टिकल होल्ड आणि उंचीचे स्क्रू असलेला जुना संच इथे नव्या, मेनूवाल्या संचापेक्षा सरस ठरतो. मी पुन्हा निवडायला बसलो तर आधी मागची बाजू वळवून ते स्क्रू शोधीन.

रुंदीच्या बाबतीत हात आणखी बांधलेले आहेत. चौदा इंची संचांत रुंदी बदलायची सोय बहुधा नसतेच. फार तर चित्र डावी-उजवीकडे सरकवता येते. त्यामुळे जे जसे येईल तसे पाहायचे. सीपीएस-२ एका ओळीतले ४८ मायक्रोसेकंद वापरतो आणि टीव्हीच्या कडा कापल्यावर उरणारी जागा जवळपास तेवढीच असते, म्हणून त्याचे चित्र चौकटीत नेमके बसते. निओ जिओचे पूर्ण ३२० पिक्सेल ५३ मायक्रोसेकंद घेतात आणि दोन्ही कडांना थोडे कापले जातात. बरेच खेळ ३०४ पिक्सेलच वापरत असल्याने त्याचा त्रास कमी होतो. पॅकमॅनचे ४७ मायक्रोसेकंद दोन्ही बाजूंना बारीक काळी पट्टी सोडतात. ती मला खटकत नाही.

काही बोर्डांना हा संच मुळातच चालत नाही. सेगाच्या सिस्टम २४ ला २४ किलोहर्ट्झ लागतात, नाओमीसारख्या नंतरच्या बोर्डांवरच्या बऱ्याच खेळांना ३१. अशा वारंवारतेला टीव्हीचा आडवा भाग जबरदस्तीने जुळवायला जाऊ नये, तो तापतो आणि जातो. रेघांनी चित्र काढणाऱ्या व्हेक्टर खेळांचा तर इथे प्रश्नच येत नाही. निन्टेन्डोच्या डाँकी काँगसारख्या बोर्डांवरचे रंग उलट ध्रुवतेचे असतात, त्यांना आधी उलटवणारे सर्किट लागते.

शेवटी पॅकमॅनसाठी संच आडवा झोपवावा लागला, कारण तो खेळ उभ्या पडद्यासाठी बनलेला आहे. चौदा इंची असल्यामुळे एकट्याला हे जमते, मोठ्या मॉनिटरला दोन माणसे लागली असती. कुशीवर ठेवताना हवेची जाळी खाली दाबली जाणार नाही ती बाजू निवडावी, आणि प्लॅस्टिकच्या खोक्यावर नळीचे वजन वेगळ्या दिशेने येत असल्याने खाली चारही कोपऱ्यांना सारखा आधार द्यावा. पहिल्यांदा वळवला तेव्हा वरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या भिंती जांभळ्या झाल्या होत्या. नळीची दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा तिच्यावरचा परिणामही बदलतो, आणि संचाची ते चुंबकत्व घालवणारी डीगॉसिंग कॉइल फक्त थंड अवस्थेतून सुरू करतानाच काम करते. मी संच बंद केला, अर्धा तास तसाच राहू दिला आणि परत चालू केला. नेहमीचा तो घुमणारा आवाज आला, चित्र क्षणभर थरथरले आणि भिंती पुन्हा निळ्या झाल्या. तेव्हापासून पॅकमॅनच्या दिवशी मी संच आधी वळवतो आणि मगच चालू करतो.